नमुना मजकूर

धाकटीनं दोन ओळींमधलं अंतर जरासं वाढवलं, खुर्ची मागे सारली आणि खोलीच्या दारापर्यंत जाऊन वळून पाहिलं. तिथून शब्द वाचता येत नव्हते, आणि वाचायचेही नव्हते. एवढ्या लांबून फक्त पान कसं बसलंय ते दिसतं. कुठं दाट झालंय, कुठं विरळ, कुठं ओळ उगाच अडखळून तुटली आहे. मधोमध एक काळा ठिपका डोळ्यात खुपत होता. ती पुन्हा संगणकाच्या पडद्याजवळ आली. वरच्या ओळीतला एक उकार खाली लोंबून खालच्या ओळीतल्या वेलांटीत अडकला होता.

"भांडू नका रे," ती त्या दोघांना म्हणाली आणि अंतर आणखी केसभर वाढवलं.

वेबसाइट बनवणाऱ्या एका कंपनीसाठी ती अक्षरं बसवायचं काम करायची. चित्रं, रंग, बटणं हे सगळं दुसऱ्यांकडे. अक्षर केवढं असावं, ओळ कुठवर जावी, परिच्छेदांमध्ये किती श्वास ठेवावा, काळं म्हणजे किती काळं, एवढंच तिच्याकडे. वाचणाऱ्याला आपण वाचतोय याचा त्रास होऊ नये, हे तिचं काम. कोणी विचारलं असतं तर तिनं इतक्याच शब्दांत सांगितलं असतं. पण या घरात आता विचारणारं कोणी नव्हतं. तिला 'धाकटे' म्हणून हाक मारणारी थोरली बहीण मागच्या वर्षी गेली. थोरली गेली तरी धाकटी मनातल्या मनात धाकटीच राहिली.

फोन वाजला. तिनं आधी घसा साफ केला, मग उचलला.

"मावशी, बसलायत ना?"

कंपनीचा मालक होता. तिच्या शाळेतल्या मैत्रिणीचा मुलगा, म्हणून मावशी. त्याच्या प्रत्येक वाक्यात 'लगेच' असायचं, म्हणून कंपनीत त्याच्या मागे सगळे त्याला 'लगेच' याच नावानं ओळखत. त्यालाही ते माहीत होतं आणि तो मनाला लावून घेत नसे. मनाला लावून घ्यायला थांबावं लागतं.

"उभी आहे. का रे?"

"बसा. लगेच बसा. रुग्णालयाच्या साइटचा पहिला अहवाल आलाय. एक पान लोक शेवटपर्यंत वाचतायत, मावशी. शेवटपर्यंत. लोक स्वतःच्या औषधाच्या खोक्यावरचं शेवटपर्यंत वाचत नाहीत."

"कुठलं पान?"

"ते 'घरी एकटे राहणाऱ्या रुग्णांसाठी'. आणि वाचून झालं तरी परत येतायत. मी रुग्णालयाला सांगून टाकलं, ही आमच्या मावशींच्या अक्षरांची कमाल आहे. आता दुसरं एक रुग्णालय आपल्याकडे येतंय, त्यांना दाखवायला हेच पान काढणार."

धाकटी खरोखरच बसली.

"त्या पानाचा मजकूर कधी आला?" तिनं विचारलं.

"आला असेलच की. पान चालू आहे म्हणजे आला. मावशी, बाकीच्या पानांनाही तसंच काहीतरी करून टाका ना. लगेच नाही, उद्यापर्यंत."

"बाकीच्या पानांना तीच अक्षरं आहेत," ती म्हणाली. "तेच अंतर, तीच ओळ."

"मग नीट बघा, काहीतरी फरक असणार," असं म्हणून त्यानं फोन ठेवला.

तिनं रुग्णालयाची साइट उघडली. 'घरी गेल्यावर' या भागात शेवटी ते पान होतं. पान उघडलं आणि तिचे कान गरम झाले.

'घरी आल्यावर आधी सगळ्या खोल्यांतून एक फेरी मारावी. कोणी नाही हे आपल्याला माहीत असतं, पण घरालाही कळू द्यावं की आपण आलो आहोत.

'दोन माणसांचा स्वयंपाक करायची हाताला सवय असेल तर हातावर रागावू नये. उरलेलं दुसऱ्या दिवशी गरम करावं. हात हळूहळू शिकतो. त्याला घाई केली तर मीठ चुकतं.

'दिवा अंधार पडायच्या आत लावावा. अंधारात उठून लावला तर सगळ्यात आधी रिकामी खुर्ची दिसते.

'दिवसातून एकदा मोठ्यानं बोलावं. काहीही बोलावं. म्हणजे फोन आलाच तर पहिल्या शब्दाला घसा खरखरत नाही.'

असं ते बरंच खालपर्यंत गेलं होतं. एकही शब्द रुग्णालयाचा नव्हता. सगळे तिचेच होते.

पानात स्वतःचेच शब्द भरून बघायची ही सवय थोरलीपासूनची. थोरली प्राथमिक शाळेत शिकवायची, पहिली-दुसरीची पोरं. धाकटीनं एखादं पान मांडलं की थोरली चष्मा लावून पडद्यासमोर बसायची आणि वर्गात वाचावं तसं मोठ्यानं, ओळीखालून बोट फिरवत वाचायची. बोट पुढच्या ओळीवर येताना चुकलं, घसरून भलत्याच ओळीवर गेलं, की वाचन बंद.

"ओळ लांब झाली," ती म्हणायची. "शेवटाला जाईपर्यंत परतीची वाट विसरले मी."

नाहीतर, "ओळी आहेत का दोरीवर दाटीवाटीनं घातलेलं धुणं? वारा जाऊ दे की मधून."

फिकट करड्या अक्षरांची एका वर्षी फार हौस होती सगळ्यांना. ती बघून थोरली म्हणाली होती, "शाईत पाणी घालायचं की पाण्यात शाई, हे ठरलं नाही वाटतं तुमच्या कंपनीचं."

धाकटी चिडायची. "अगं, शहाणी माणसं वाचणार आहेत हे. तुझी पहिलीतली पोरं नाहीत."

"शहाण्या माणसाचं बोट दिसत नाही, एवढंच. डोळ्यांत असतं." मग थोरली चष्मा काढून पुसायची. "आणि ऐकून ठेव. ज्या ओळीवरून पोराचं बोट घसरतं ना, ती ओळ चुकलेली असते. पोर नाही. चांगलं अक्षर म्हणजे चांगली पायवाट. चालणाऱ्याला पायांची आठवणसुद्धा होत नाही."

खरा मजकूर यायला नेहमीच उशीर व्हायचा. तोवर जागा भरायला कंपनीत एक ठरलेला नमुना होता: 'अक्षर अक्षर अक्षर', खालपर्यंत. त्यात एक उकार नाही, एक वेलांटी नाही, रफार नाही. नवी चप्पल पायात घालून गादीवर उभं राहायचं आणि चावत नाही म्हणायचं, तसला प्रकार. शिवाय थोरलीसारख्या बाईपुढे ते ठेवून वाच म्हणणं म्हणजे थट्टा. म्हणून धाकटी स्वतःच काहीतरी लिहायची, उकार-वेलांट्या-जोडाक्षरं सगळी येतील असं. शेजारच्यांच्या मांजराचे उपद्व्याप, जिन्यातला सुटलेला कठडा, आणि मधेच कुठंतरी, 'या घरातील ज्येष्ठ व्यक्ती घोरतात व ते नाकबूल करतात'. थोरली ते गंभीर आवाजात वाचत वाचत त्या वाक्याशी पोचायची, क्षणभर थांबायची आणि म्हणायची, "हे पान काही मला आवडलं नाही."

थोरली गेल्यावरही धाकटी लिहीत राहिली. वाचणारी नव्हती, म्हणून लिहिण्यातली थट्टा हळूहळू गळाली. रुग्णालयाच्या त्या पानाचं नाव तिनं वाचलं, 'घरी एकटे राहणाऱ्या रुग्णांसाठी', आणि हात आपोआप चालत गेला. अक्षरं उत्तम बसली. मग ती संगणक बंद करून आत जाऊन पडली. थोरलीला जाऊन वर्ष व्हायला आलं होतं, आणि त्या आठवड्यात तिनं पुन्हा संगणक उघडला नाही.

साइट सुरू होण्यापूर्वी कंपनीतली एक मुलगी प्रत्येक पानात 'अक्षर अक्षर' शोधते. सापडलं की समजायचं, मजकूर यायचा आहे. धाकटीच्या पानात ते सापडलं नाही. मुलीची काही चूक नव्हती. तिच्या मोजपट्टीत हे पान पुरं होतं.

धाकटी पडद्यासमोर बसून राहिली. लगेचनं गेल्या काही महिन्यांत तिला दोनदा, फार प्रेमानं, सांगितलं होतं की अक्षरं आपोआप बसवणारी सोय आता निघाली आहे, आणि मावशी, तुम्ही आता आराम करायला हवा. आराम म्हणजे काय हे तिला ठाऊक होतं. सकाळी उठायचं, घसा साफ करायचा, आणि मग तो कशासाठी साफ केला ते आठवत बसायचं. हे काम होतं म्हणून फोन येत होता. रुग्णालयाच्या साइटवर एका बाईचं घरगुती पुराण चढलंय हे उघड झालं असतं, तर लगेचला तिला आराम देण्यावाचून इलाज नव्हता.

आणि त्याहून वाईट म्हणजे, लोकांनी ते वाचलं होतं. शेवटपर्यंत. कोण कोण, कुठं कुठं बसून, देव जाणे. खिडकी उघडी राहिली आणि आपण तिच्यासमोर महिनाभर केस विंचरत होतो, हे उशिरा कळावं तसं तिला झालं.

तिनं पान पुसायला बोट उचललं आणि परत मागे घेतलं. कोरं पान तर कोणाच्याही नजरेत आलं असतं. खरा मजकूर मिळवून गुपचूप त्या जागी बसवायचा, हाच मार्ग होता. तिनं रुग्णालयात फोन लावला. साइटचं सगळं मेट्रनबाई बघतात, असं तिकडून सांगितलं. मेट्रनबाई फोनवर आल्या.

"त्या एका पानाचा मजकूर आमच्याकडे पोचला नाही वाटतं," धाकटी म्हणाली. "'एकटे राहणाऱ्यांसाठी' म्हणून आहे ते."

"तुम्हीच अक्षरं बसवता का?" मेट्रनबाईंनी विचारलं.

"हो."

"मग या इकडे. दुपारी मी असते."

दुपारी ती गेली. रुग्णालय मोठं होतं आणि पाट्यांनी भरलेलं होतं. पाट्यांवर बारीक अक्षरांत बरंच काही लिहिलं होतं आणि प्रत्येक पाटीखाली कोणी ना कोणी दुसऱ्याला रस्ता विचारत उभं होतं. एरवी तिनं मनातल्या मनात त्या सगळ्या पाट्या नव्यानं मांडल्या असत्या. आज ती बोलायचं वाक्य तयार करत चालली होती. 'आमच्याकडून तांत्रिक कारणानं', इथवर वाक्य यायचं आणि पुढं फुटायचं नाही.

मेट्रनबाईंची खोली मजल्याच्या टोकाला होती. बाई साधारण तिच्याच वयाच्या, कडक इस्त्रीच्या गणवेशातल्या, केस गच्च बांधलेले. दारात एक नर्स उभी होती.

"सहा नंबरच्या आजोबांनी जेवायला नाही म्हटलंय," नर्स सांगत होती.

"नाही कसं म्हणतात?"

"म्हणतात, बायको करते तसं नाही."

"त्यांना म्हणावं, बायकोला मी विचारलंय. ती म्हणाली, घरीही रोज असंच म्हणतात. जा."

नर्स हसत गेली. मेट्रनबाईंनी धाकटीला खुर्ची दाखवली. त्या स्वतः मात्र उभ्याच होत्या.

"मजकूर पोचला नाही, कारण मी पाठवलाच नाही," त्या म्हणाल्या. "डॉक्टरांनी केव्हाच लिहून दिलाय. इथं पडून आहे."

त्यांनी संगणकाचा पडदा तिच्याकडे वळवला. धाकटीनं सवयीनं आधी ओळींची लांबी पाहिली, मग पहिलं वाक्य वाचलं. 'रुग्णाने शक्यतो एकटे राहणे टाळावे.'

बाहेरून एक ढकलगाडी खडखडत गेली.

"चूक माझ्याकडून झाली," धाकटी अखेर म्हणाली. तयार केलेलं वाक्य कुठल्या कुठं गेलं होतं. "नमुना मजकूर होता तो, मीच लिहिलेला. अक्षर नीट बसतंय का बघायला घालतात. तो काढून तुमचा घालायचा असतो. मी विसरले. कंपनीला अजून माहीत नाही. कंपनीचा काही दोष नाही त्यात."

"मला पहिल्या दिवशीच कळलं," मेट्रनबाई म्हणाल्या. "मी पाठवलंच नाही तर आलं कुठून? फोन करणार होते तुमच्या त्या साहेबांना. म्हटलं, काय आलंय ते तरी आधी बघू."

"आणि?"

"आणि काय. खाली पोचले तेव्हा कळलं, की मी वाचत होते." त्यांनी टेबलावरचं पेन उचलून सरळ ठेवलं. "दिवसभर वाचते हो मी. तक्ते, औषधं, नावं. वाचताना डोळे असे ओढावे लागतात एका शब्दावरून दुसऱ्यावर. हे तसं झालं नाही. शेजारी बसून कोणीतरी सांगतंय, असं झालं."

"ते ओळींमधल्या अंतरामुळं होतं," धाकटी म्हणाली. तिला स्वतःचाच आवाज शाळेतल्या उत्तरासारखा वाटला. "अंतर बरोबर असलं की डोळ्याला पुढची ओळ शोधावी लागत नाही."

"असेल. पण बाकीच्या पानांनाही तेच आहे ना?"

"हो."

"ती मी एकदाच वाचली." मेट्रनबाई आता बसल्या. "तुमच्या कामाला नावं ठेवत नाही मी. अक्षरं डोळ्यांत खुपली असती तर हेही पहिल्या ओळीत सोडलं असतं. खुपली नाहीत, म्हणून पुढं गेले. पुढं जे होतं, ते तुमचं होतं."

धाकटीनं पर्सचा बंद उगाच उघडला आणि लावला.

"इथून घरी जाताना ज्यांना न्यायला कोणी येत नाही," मेट्रनबाई सांगू लागल्या, "त्यांना मी ते पान फोनवर काढून देते. एक शिंपीकाका होते, डोळ्यांचं ऑपरेशन झालेले. म्हणाले, बाई, हे मला वाचता येतंय. एवढंच बोलले. दुसऱ्या दिवशी त्यांनी फोन करून विचारलं, ते लिहिणाऱ्यांनी आज काही नवीन लिहिलंय का."

"मी लिहिलं नाही काही."

"मी म्हटलं, लिहितील."

धाकटीनं वर पाहिलं. मेट्रनबाई हसत नव्हत्या. पेन पुन्हा जरासं वाकडं झालं होतं, ते त्या पुन्हा सरळ करत होत्या.

"पण डॉक्टरांचा मजकूर वर यायला हवा," धाकटी म्हणाली. हे बोलताना मात्र तिचा आवाज नेहमीसारखा, कामाचा झाला. "त्यात ताप आला तर काय करायचं ते आहे, फोन नंबर आहेत. ते आधी. मोठ्या अक्षरांत. पडलेल्या माणसालाही वाचता येतील एवढे नंबर. त्याच्या खाली रेघ. पहिलं वाक्य बदलून घ्या तेवढं."

"बदलून घेते. आणि रेघेच्या खाली?"

"कंपनीला सांगावं लागेल."

"तुमच्या साहेबांना मी सांगते. रुग्णालयाचीच इच्छा आहे म्हणते. खोटं नाही ते. इथलं रुग्णालय म्हणजे बऱ्याचदा मीच असते." त्यांनी पडदा परत आपल्याकडे वळवला आणि खाली खाली सरकवत नेला. धाकटीला कळलं की त्या तिचंच पान उघडून शेवटापाशी आल्या आहेत. "एक राहिलंय मात्र यात."

"काय?"

"सगळं लिहिलंत. सकाळचं, जेवणाचं, दिवा लावायचं. रविवारचं काहीच नाही."

धाकटी पाहत राहिली. पडद्याचा उजेड मेट्रनबाईंच्या चेहऱ्यावर पडला होता. गच्च बांधलेल्या केसांतून एक बट सुटून कानापाशी आली होती आणि ते त्यांना कोणी सांगितलं नव्हतं.

"रविवारचं मला अजून जमलेलं नाही," ती म्हणाली.

"हं," मेट्रनबाई म्हणाल्या. "मला वाटलं, तुम्हाला माहीत असेल."

दारात मघाची नर्स पुन्हा आली. सहा नंबरचे आजोबा दोन घास जेवले होते आणि बायकोशी बोलल्याबद्दल मेट्रनबाईंवर चिडले होते. "चिडू देत, अन्न पचतं त्यानं," मेट्रनबाई म्हणाल्या आणि उठल्या. त्यांची फेरीची वेळ झाली होती. धाकटीही उठली. दोघी सोबतच खोलीबाहेर पडल्या. व्हरांडा लांबलचक होता, आणि जिन्यापर्यंत दोघींचा रस्ता एकच होता.

"तुमची सुट्टी कधी असते?" धाकटीनं विचारलं.

"रविवारीच. मोठ्या पदाचा मान आहे तो." मेट्रनबाई समोर बघत चालत होत्या. "गणवेश धुते. दोनच असतात, पण दुपारपर्यंत पुरवते. मग इस्त्री. इस्त्री झाली की घड्याळाकडे बघते, तर चारच वाजलेले असतात."

जिना आला. मेट्रनबाईंना वर जायचं होतं, धाकटीला खाली. एक माणूस दोघींच्या मधून वाट काढत, पाट्यांकडे मान वर करून बघत गेला. तो गेल्यावरही धाकटी पायरीवर उतरली नाही. तिनं घसा साफ केला.

"धुणं सकाळी आटोपून चारला माझ्याकडे येता येईल का?" तिनं विचारलं.

मेट्रनबाईंनी कठड्यावर हात ठेवला. वरून कोणीतरी त्यांना हाक मारत होतं. त्यांनी तिकडे पाहिलं नाही.

"येईल की," त्या म्हणाल्या.